उपयुक्त साठा

मासा आजारी पडला की दुकानदार माशाची चौकशी करत नाही. मासा कुठला, खातोय का, कोपऱ्यात तोंड घालून बसतो का, यातलं त्याला काहीही नको असतं. मागच्या टाकीतून जाळीनं कुणाचे तरी गप्पी काढत, मान वर न करता तो विचारतो, "टाकी किती लिटरची?"

आमच्या काळ्या मॉलीच्या अंगावर पांढरे ठिपके आले होते. थंडी सुरू झाली, रात्रीतून पाणी गारठलं, की हा रोग पुष्कळ टाक्यांमध्ये येतो. एरवी काळा कुळकुळीत असलेला मासा रव्यात घोळवल्यासारखा दिसायला लागला. त्याच सुमारास आमच्याकडे आलेला मालवणचा मेहुणा टाकीपाशी थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "अर्धं काम झालंच आहे की! तवा ठेवा." चिरंजीव मामाशी अजून बोलत नाहीत.

"लिटर माहीत नाही. दोन फुटी आहे," मी दुकानदाराला सांगितलं.

"दोन बाय एक बाय सव्वा? सत्तर लिटर. डोळे झाकून."

डोळे झाकून सांगितलेल्या आकड्यावर माझा विश्वास बसत नाही. शिवाय बाटलीवर बारीक अक्षरांत तंबी होती, की औषध कमी पडलं तर उपयोग नाही आणि जास्त झालं तर माशालाच त्रास. याचं कारण असं, की हे औषध माशाला नसतंच, ते पाण्याला असतं. ठिपक्याच्या आत बसलेल्या परोपजीवीला औषध काही करू शकत नाही; तो कातडीखाली सुखरूप असतो. पिकल्यावर तो बाहेर पडतो, खाली जाऊन त्याची शेकडो पिल्लं होतात, आणि ती पिल्लं नवा मासा शोधत पाण्यात हिंडत असताना काय ती मरतात. म्हणजे रोगी तीन इंचांचा असला तरी औषध अख्ख्या गावाला पाजायचं. आणि गावाची लोकसंख्या, म्हणजे टाकीतलं पाणी, कुणालाच माहीत नाही.

हीटर घ्यायचा तरी तोच प्रश्न. साधारण लिटरला एक वॉट असा हिशेब दुकानात चालतो. क्लोरीन घालवायचे थेंब लिटरवर. "आठवड्याला तीस टक्के पाणी बदला," हेही लिटरवरच. तीस टक्के, पण कशाचे? या धंद्यात काचेची लांबी फुटात सांगतात, जाडी मिलिमीटरमध्ये, पाणी लिटरमध्ये आणि औषध थेंबांत. बाटली परदेशी असली तर गॅलन. त्यातही अमेरिकेचा गॅलन ३.७८५ लिटरचा आणि इंग्रजांचा ४.५४६ लिटरचा. बाटलीवर नुसताच 'गॅलन' असतो. कुणाचा, ते आपण बाटलीच्या चेहऱ्यावरून ओळखायचं.

वास्तविक आयताकृती टाकी म्हणजे पाचवी-सहावीचं गणित. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले हजार. आलं उत्तर लिटरमध्ये. हे मी घरात मोठ्यानं म्हटलं, ही त्यातली खरी दुर्घटना. कारण त्यानंतर घरातले सगळे मोजायला आले.

चिरंजीवांनी फोन काढला. हल्ली फोनचा कॅमेरा वस्तूकडे रोखला की माप देतो. त्यानं लांबी एकदा ५८, एकदा ६४ दिली आणि एकदा टाकी सोडून मागच्या शोकेसचं माप दिलं. वरून धरल्यावर खोली म्हणाला २४ सेंटिमीटर. मी पट्टी बुडवून बघितली तर पाणी साडेबत्तीस सेंटिमीटर होतं. पाण्यात वरून बघितलं की खोली साधारण पाऊणच दिसते, हे आम्ही शाळेत 'आभासी खोली' या नावाखाली पाठ केलं होतं आणि परीक्षेनंतर लगेच विसरलो होतो. फोनही ते विसरला होता, हे बघून जरा बरं वाटलं.

मग मी सुताराची टेप घेतली. तिच्या टोकाला वाकवलेली एक पत्र्याची पट्टी असते आणि ती किंचित ढिली असते. ती मुद्दाम ढिली ठेवलेली असते. बाहेरून माप घेताना ती ओढली जाते, आतून घेताना तेवढीच आत ढकलली जाते, आणि तिच्या जाडीचा फरक आपोआप मिटतो. आमच्या टेपची ही पट्टी हलते, हे मेहुण्याच्या मागच्या खेपेला लक्षात आलं होतं आणि त्यानं ती हातोडीनं कायमची पक्की करून दिली होती. घरातल्या वस्तू दुरुस्त करणारे पाहुणे हा एक स्वतंत्र विषय आहे. शिवाय टाकीच्या आतल्या कोपऱ्यात सिलिकॉन पसरलेलं असतं, त्यामुळे टेपचं टोक काचेपर्यंत पोचतच नाही. बाही दंडापर्यंत वर केलेली, हात कोपरापर्यंत पाण्यात, सकर मासा माझ्या घड्याळाला चिकटलेला, आणि आई मागून म्हणतेय, "अरे, आमच्या आडात दरवर्षी डासांसाठी गप्पी सोडायचे. आड मोजला नाही कुणी."

तिघांची तीन मापं आली. तेव्हा बायकोनं समोरच्या गणिताच्या बाईंना बोलावलं. बाई निवृत्त झाल्या आहेत, गणित झालेलं नाही.

"यावर भास्कराचार्यांनी सांगून ठेवलंय," त्या चप्पल काढता काढताच म्हणाल्या. "लीलावती. साल ११५०. खातव्यवहार. लांबी, रुंदी, खोली निरनिराळ्या ठिकाणी मोजायची, बेरीज करायची आणि जितक्या ठिकाणी मोजली त्या संख्येनं भागायचं. सरासरी. झालं."

"पण खात म्हणजे खड्डा ना?" मी विचारलं. "ते खणलेल्या खड्ड्यासाठी आहे."

"बाई, अगदी बरोबर लागू पडतं," बायको म्हणाली. "या टाकीवर आत्तापर्यंत किती खर्च झालाय, विचारा त्याला."

बाईंचं पुढे बराच वेळ लीलावतीच चाललं होतं. एका वापीला चार झरे. एक ती एका दिवसात भरतो, दुसरा अर्ध्या, तिसरा एक तृतीयांश, चौथा एक षष्ठांश. चारही एकदम सोडले तर किती वेळात भरेल? उत्तर, दिवसाचा बारावा भाग, म्हणजे दोन तास. बाराव्या शतकाबद्दल मला आदर आहे. आमच्या सोसायटीत चार नळ एकदम सोडले तर दोन मिनिटांत सेक्रेटरी वर येतो.

सरासरी काढून बाहेरच्या मापानं उत्तर आलं ७०.८ लिटर. दुकानदाराचे झाकलेले डोळे बरोबर निघाले आणि मी औषधाची बाटली उघडणार, तेवढ्यात तळमजल्यावरचे धरणकाका आले.

धरणकाका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत. वर्तमानपत्रात ते आधी धरणसाठा वाचतात, मग निधनवार्ता, आणि दोन्हींतला कमी झालेला आकडा त्यांना सारखाच अस्वस्थ करतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून २९.१५ टीएमसी, हे ते नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा लवकर सांगू शकतात. टाकीसमोर हात मागे बांधून ते उभे राहिले. भिंतीकडे बघावं तसं काचेकडे बघितलं.

"किती म्हणालात?"

"एकाहत्तर लिटर."

"ते एकूण साठ्याचं बोलताय. उपयुक्त साठा किती?"

मी गप्प.

"काच किती जाडीची?"

"सहा मिलिमीटर."

"ती बाहेरच्या मापात धरलीत. काचेत मासे पोहतात का? दोन्ही बाजूंनी आणि तळाला वजा करा." वजा केलं. साडेपासष्ट झाले. मिलिमीटरमध्ये मोजायच्या काचेनं पाच लिटर गिळले होते, यावर माझा विश्वास बसेना. त्यांचा बसला, कारण ते कंत्राटदारांबरोबर तीस वर्षं वावरलेले होते.

"आता वर मोकळी जागा सोडलीय ती."

"मासे उड्या मारतात म्हणून पाच सेंटिमीटर."

"ती जिथून सुरू होते, तिला पूर्ण संचय पातळी म्हणतात. तिच्या वर पाणी धरायचं नाही." आणखी पावणेनऊ लिटर गेले. राहिले सत्तावन्न.

"खडी?"

"दहा किलो."

"दगड पाण्याच्या अडीचपट-पावणेतीनपट जड. पावणेचार लिटर धरा. आणि हा किल्ला कसला?"

"शोभेचा आहे. शेजारी पेटी आहे खजिन्याची. तो दगड राजमाचीहून आणलाय."

काकांचा चेहरा गंभीर झाला. "बुडीत क्षेत्रात बांधकाम आहे. आत कोणी राहतं?"

"सकर राहतो."

"त्याचं पुनर्वसन?"

"अजून नाही."

"राहू द्या. कुठेच झालेलं नाही." किल्ला, पेटी आणि दगड यांचे त्यांनी मिळून दोन लिटर धरले आणि एका पाकिटाच्या मागे आकडा लिहून खाली दोन रेघा मारल्या. ५१ लिटर. एकाहत्तरचे एकावन्न. सत्तरच्या हिशेबानं औषध घातलं असतं तर पाण्यात जवळजवळ चाळीस टक्के जास्त गेलं असतं. काकांनी जोडीला एवढंही सांगितलं, की अशा टाक्या बाहेरच्या मापानं अडीच घनफूट धरल्या तर एका टीएमसीत चाळीस कोटी बसतात, आणि कोयनेच्या १०५.२५ टीएमसीत चार हजार दोनशे दहा कोटी. या माहितीचं काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. पण ती ऐकल्यापासून हॉलमध्ये टाकी लहान दिसते.

मी पुन्हा बाटलीकडे हात नेला.

"थांबा. मृत साठा राहिला," काका म्हणाले. "तुमच्या फिल्टरचं तोंड तळापासून पाच सेंटिमीटरवर आहे. त्याखालचं पाणी तुमच्या यंत्रणेला उचलता येत नाही. ते हिशेबात धरायचं नाही. आणखी पाचेक लिटर कमी करा."

"काका, पण मासे त्यातही पोहतात."

"मासे मृत साठ्यातच पोहतात! उजनी उन्हाळ्यात वजा जाते, तेव्हा मासे काय सोलापूरला जातात?"

यावर उत्तर नव्हतं. औषध मृत साठ्यालाही लागतं, रोग पातळी बघून येत नाही, हा माझा मुद्दा त्यांनी 'धोरणात्मक निर्णय' म्हणून बाजूला ठेवला. जाताना टाकीच्या काचेवर बाहेरून कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा केल्या, आणि रोज सकाळी आठला पातळी बघायला येईन म्हणाले. आठलाच का, तर धरणावर आठलाच बघतात.

टाकीची बातमी सोसायटीत पसरली. बांधकामाची कंत्राटं घेणारे दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ दारातूनच म्हणाले, "अडीच घनफूट... म्हणजे ०.०२५ ब्रास. कशाला डोकं लावताय? वाळू असती तर पाटीत येऊन गेली असती." सेक्रेटरी वेगळ्या काळजीनं आला. पाणी, काच, खडी मिळून पाऊणशे किलो वजन, आणि राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला दोनशे किलोच्या हिशेबानं धरतात, असं त्यानं कुठं तरी वाचलं होतं. टाकीची जागा ०.१८ चौरस मीटर. म्हणजे चौरस मीटरला चारशेच्या वर! हे सांगताना तो स्वतःचे पंच्याण्णव किलो दोन पावलांवर घेऊन आमच्या हॉलच्या बरोबर मधोमध उभा होता. स्लॅब दोघांनाही पेलत होता. स्लॅब असले हिशेब वाचत नाही, हे आपलं नशीब.

सगळ्यात शास्त्रशुद्ध माणूस मात्र पाण्याच्या फिल्टरची मेंब्रेन बदलायला आलेला निघाला. त्याच्याकडे पेनासारखं टीडीएस मीटर होतं. आमचं बोलणं ऐकून तो म्हणाला, "साहेब, मीठ घाला ना. किती घातलं ते माहीत असलं आणि पाणी किती खारट झालं ते कळलं, की पाणी किती ते निघतं." ही युक्ती खरोखर बिनतोड आहे. पट्टी नको, काचेची जाडी नको, किल्ला वजा करायला नको. मीठ सगळ्या कोपऱ्यांत आपलं आपण जातं आणि फक्त पाणीच मोजतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पन्नास ग्रॅम मीठ मोजलं. ("माशाला मीठ लावतोयस?" आई. "मामाला बोलवू नका," चिरंजीव.) विरघळवून ओतलं, एअर पंपाच्या बुडबुड्यांनी ढवळू दिलं, चहा प्यायलो. आधी मीटर २४० दाखवत होतं, आता १२२० दाखवू लागलं. वाढ ९८०. लिटरला ९८० मिलिग्रॅम, एकूण पन्नास हजार मिलिग्रॅम. भागाकार केला. एक्कावन्न!

माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. धरणकाकांची वजाबाकी आणि मिठाचा भागाकार एकाच आकड्यावर येऊन मिळाले होते.

"बघा! तुमचं मीटर किती अचूक आहे!" मी म्हणालो.

"छे हो साहेब," तो पाना पिशवीत टाकत म्हणाला, "या मीटरवर जाऊ नका. ते गिऱ्हाइकाला घाबरवण्यापुरतं आहे."

घरात सगळे पुन्हा गप्प झाले. शेवटी बायको म्हणाली, की एवढं सगळं करण्यापेक्षा बादलीनं का मोजलं नाही? वीस लिटरची बादली आहे, बाटलीनं एकेक लिटर मोजून घाल, मग तिनंच टाकी उपस. मी बादली आणली. तिच्यावर खरोखरच 'वीस लिटर' असा स्टिकर होता. पण वीस लिटर काठोकाठ भरली तर. आणि काठोकाठ भरलेली बादली जगात कोणी उचलत नाही. उचलण्यासारखी भरली की ती सतरा होते, टाकीपर्यंत नेली की सोळा, उरलेला लिटर फरशीवर असतो आणि तो कोणी पुसायचा यावर वेगळी चर्चा होते. बरं, जिनं मोजतोय ती पाण्याची लिटरची बाटली तरी लिटरची आहे का? नाही! खुणेपर्यंत लिटर, वर मान मोकळी. मानेपर्यंत भरली तर जास्त. मग बाटली काट्यावर ठेवावी, कारण लिटरभर पाणी म्हणजे किलो. "चार अंश तापमानालाच," चिरंजीव दहावीचं पुस्तक न उघडता म्हणाले. परीक्षेत हाच मुलगा हे लिहून येत नाही. काटा पाच किलोपर्यंतचा आणि तो किराणावाल्याच्या किलोशी जुळत नाही अशी आईची जुनी तक्रार आहे, पण त्यात चूक काट्याची की किराणावाल्याची, हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही.

तेव्हा ५१ वर शिक्कामोर्तब करून मी दुकानात गेलो. आकडा सांगताना आवाज जरा चढलाच.

"एकावन्न लिटर. निव्वळ."

"हां," दुकानदार म्हणाला. "एक झाकण टाका."

"सत्तरला किती होतं?"

"एकच झाकण."

"आणि शंभरला?"

"शंभरला पण झाकणच हो. जरा मोठं भरायचं."

घरी येऊन मी झाकण काढलं तर टाकीपाशी बायको आणि चिरंजीव वाकून उभे होते. मॉलीच्या अंगावर एकही ठिपका नव्हता. दरम्यान हीटर लावला होता, पाणी कोमट झालं होतं, आणि मोजण्यासाठी टाकलेलं मीठही आतच होतं. त्यातल्या कशानं गुण आला, की रोगच आपला आपण उतरला, याचा निवाडा आता कोण करणार? आईनं तो केला. "मिठानं," ती म्हणाली. "दृष्ट लागली होती."

औषध फ्रीजच्या वर ठेवून दिलं. मोजणी मात्र थांबलेली नाही. धरणकाका रोज आठला येतात, लाटांमुळे पातळी नीट दिसत नाही म्हणून एअर पंप मिनिटभर बंद करायला लावतात, चष्मा कपाळावर चढवून काचेवरच्या पट्टीला नाक लावतात आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर निवेदन टाकतात. रविवारी मी नळीनं पाणी काढतो तेव्हा 'विसर्ग सुरू करण्यात येत असून सोफ्यालगतच्या रहिवाशांनी सतर्क राहावे' असं आधी येतं. क्युसेकचा आकडा मात्र ते देत नाहीत. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस लिटर, त्या वेगानं आमचं अख्खं धरण दोन सेकंदांत आटेल, आणि निवृत्त अधिकाऱ्याला ते शोभत नाही.

आजचं निवेदन असं होतं: 'फ्लॅट ३०२. सकाळी ८ ची पातळी ३१.५ सेंमी. साठा ९७ टक्के. घट बाष्पीभवनामुळे. विसर्ग निरंक.'

त्याखाली बी विंगमधून लगेच प्रश्न आला, 'म्हणजे उद्या टँकर मागवायचा का?' आणि सेक्रेटरीनं कुणालाही न विचारता दोन मागवले.